सार्वजनिक वेधशाळा व आकाशदर्शन : नाशिक आणि महाराष्ट्र

आकाशस्थ ज्योतींचे वेध घेण्याची उपकरणे जेथे कायम बसविलेली असतात, त्या वास्तूला वेधशाळा म्हणतात. जी वेधशाळा ठराविक रात्री सर्वांना खुली असते आणि जिचा मुख्य हेतू संशोधनापेक्षा लोकशिक्षण हा असतो, ती सार्वजनिक वेधशाळा होय. तारांगण ही याहून वेगळी संस्था आहे. तारांगणात घुमटाच्या आतील बाजूवर प्रक्षेपकाच्या साहाय्याने कृत्रिम आकाश दाखवितात. त्यामुळे ढग, पाऊस वा दिवसाचा उजेड यांची तेथे अडचण नसते. वेधशाळेत मात्र प्रेक्षकाच्या डोळ्यात येणारा प्रकाश खुद्द ग्रहाताऱ्यांकडून आलेला असतो. महाराष्ट्रात या दोन्ही प्रकारच्या संस्थांचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट स्पष्ट होते : उपकरण मिळविणे हा या कार्यातील तुलनेने सोपा भाग होता, ते चालविणाऱ्या व इतरांना दाखविणाऱ्या माणसांची परंपरा टिकविणे हा कठीण.

पूर्वपीठिका : नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ हा मुळात एका ग्रहाच्या गतीवर आधारलेला उत्सव आहे. गुरू हा ग्रह ११·८६ वर्षांत सूर्याभोवती एक प्रदक्षिणा करतो. त्यामुळे साधारणपणे दर बारा वर्षांनी तो सिंह राशीत येतो. प्रदक्षिणाकाल बारा वर्षांहून किंचित कमी असल्याने सात प्रदक्षिणा ८४ ऐवजी ८३ वर्षांत पुऱ्या होतात आणि दोन सिंहस्थांमधील अंतर क्वचित अकरा वर्षांचे पडते. प्रमुख स्नाने श्रावण-भाद्रपदात, सूर्यही सिंह राशीत असताना होतात. अशा वेळी गुरू आकाशात सूर्यापासून फार दूर नसतो आणि बहुधा त्याच्या तेजात लपलेला असतो. म्हणजे ज्या ग्रहाच्या निमित्ताने लक्षावधी लोक गोदाकाठी जमतात, तो त्या दिवसांत पंचांगात असतो, पण डोळ्यांना सहसा दिसत नाही. सिंह राशीतील गुरू रात्रभर दिसतो तो फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. पंचांगातील आकाश व प्रत्यक्ष आकाश यांच्यातील हे अंतर कमी करणे, हेच आकाशदर्शनाच्या चळवळीचे उद्दिष्ट राहिले आहे.

या विद्येच्या अध्यापनाला लोकाश्रय व राजाश्रय मिळाल्याचे जुने उदाहरण खानदेशात सापडते. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ सालच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा (जन्म १११४) नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा आणि त्यास निकुंभ घराण्यातील सोइदेवाने दान दिल्याचा उल्लेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख प्रकाशात आणला. भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणीत वेधयंत्रांवर स्वतंत्र अध्याय आहे. तथापि या मठाचा भर ग्रंथांच्या पठणावर होता.

कुलाबा व पुणे : मुंबई बेटावर कुलाबा येथे ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा स्थापन केली. बंदरातील जहाजांना अचूक वेळ पुरविणे, ही तिची प्रारंभीची गरज होती. पुढे तेथे भूचुंबकत्व व वातावरण यांच्या नोंदींना प्राधान्य आले. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या सुरू होणार असल्याने चुंबकीय नोंदींचे काम १९०४ पासून अलिबागेत नेण्यात आले. ही वेधशाळा सार्वजनिक नव्हती. परंतु तिच्याशी संबंध आलेल्या केरो लक्ष्मण छत्रे यांनी पाश्चात्त्य गणितज्योतिष मराठीत आणले. त्यांचे ग्रहसाधनाची कोष्टके हे पुस्तक १८६० मध्ये प्रसिद्ध झाले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ज्योतिर्विलास या ग्रंथाने सामान्य वाचकाला आकाशाची ओळख करून दिली, तर त्यांचा भारतीय ज्योतिःशास्त्र (१८९६) हा ग्रंथ या विषयाच्या इतिहासाचा आधारग्रंथ ठरला. अशा रीतीने मराठी वाचकाच्या हाती पुस्तक आले, ते दूरदर्शक (दुर्बीण) येण्याच्या पुष्कळ आधी.

मोठा दूरदर्शक आला तो पुण्यास. कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७ – १९३८) यांनी भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांच्याकडून पाच हजार रुपयांची देणगी मिळविली व मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाच्या आवारात १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. ग्रब यांच्या कारखान्यात तयार झालेला २० इंच (सु. ५१ सेंमी.) व्यासाचा परावर्तक दूरदर्शक हे तिचे प्रमुख उपकरण होय, त्या काळी भारतात याहून मोठा दूरदर्शक नव्हता. येथून नायगमवाला यांनी मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटाचा अभ्यास केला. त्यातील प्रमुख रेषा रेखीव असल्याचे त्यांचे निरीक्षण नॉर्मन लॉक्यर यांच्या मताविरुद्ध जाणारे होते. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि त्याबरोबर वेधशाळाही बंद झाली; दूरदर्शक व इतर साहित्य तमिळनाडूतील कोडईकानल येथे हलविण्यात आले. चोवीस वर्षे चाललेले हे कार्य एका व्यक्तीच्या कर्तृत्वावर उभे होते. तिच्यामागे शिष्यवर्ग वा नागरिकांची संघटना नसल्याने दूरदर्शक गेला, तेव्हा तो ठेवून घेण्यासाठी पुण्यात कोणी उरले नव्हते.

१८९८ चे ग्रहण : २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणापासून विदर्भापर्यंत महाराष्ट्रावरून गेला. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे नायगमवाला यांच्याखेरीज अमेरिकेतील लिक वेधशाळेचे डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्बेल व जपानी पथक यांनी तळ ठोकला होता. मौंडर दांपत्याचे पथक वऱ्हाडातील तळणी येथे होते. नायगमवाला यांनी सूर्याच्या वर्णगोलाचा क्षणभरच दिसणारा वर्णपट छायाचित्रित केला. लॉक्यर यांचे पथक विजयदुर्ग किल्ल्यावर होते. किल्ल्यावरील चौथरे अद्याप साहेबाचे ओटे म्हणून ओळखले जातात. लॉक्यर यांनी मेलपोमीनी या युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी यांना आगाऊ शिकवून उपकरणांवर नेमले होते. विद्येचे पूर्वशिक्षण नसलेली माणसेही नेमके काम दिल्यास उपयुक्त वेध घेऊ शकतात, याचे हे उत्तम उदाहरण होय.

हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, अशी समजूत रूढ आहे; ती बरोबर नाही. या मूलद्रव्याशी निगडित पिवळी रेषा १८६८ मध्ये आढळली. त्या वर्षी १८ ऑगस्टच्या ग्रहणाचे वेध झांसेन यांनी गुंटूर येथून घेतले आणि लॉक्यर यांनी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच सूर्यज्वालांचा वर्णपट पाहिला. लॉक्यर विजयदुर्गास आले त्याआधीच, १८९५ मध्ये, रॅम्झी यांनी हेलियम पृथ्वीवर शोधला होता. विजयदुर्गाचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. ते वेगळ्या कारणासाठी आहे, एवढेच.

संस्थांचा उदय : पुण्यात २२ ऑगस्ट १९४४ रोजी ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी निरीक्षकांची ही भारतातील सर्वांत जुनी संस्था मानली जाते. दूरदर्शक व्यक्तीच्या वा महाविद्यालयाच्या मालकीचा न राहता सभासदांचा झाला आणि एका पिढीने पुढच्या पिढीला आकाश दाखविण्याची प्रथा पडली. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली कुसुमबाई मोतीचंद तारांगण सुरू झाले. मुंबईचे नेहरू तारांगण ३ मार्च १९७७ रोजी खुले झाले.

लोकांच्या मनातील भीती मात्र लगेच ओसरली नाही. १६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा कारवारच्या बाजूने गेला, तेव्हा मुंबईसारख्या शहरातही असंख्य लोक घराबाहेर पडले नाहीत. १९८६ मध्ये हॅली धूमकेतू सूर्याजवळून गेला. त्याच्या आगमनाच्या निमित्ताने मुंबईत खगोल मंडळ ही संस्था उदयास आली आणि कर्जत मार्गावरील वांगणीसारख्या ठिकाणी रात्रभराचे आकाशदर्शन ही रीत रूढ झाली. पुण्यातील आयुका या संस्थेची १९८८ मध्ये स्थापना झाल्यावर जयंत नारळीकर (१९३८ – २०२५) यांच्या लेखन-व्याख्यानांनी या कार्यास मोठे बळ दिले. पुणे-नाशिक मार्गावरील नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त ती लोकांना पाहता येते. नाशिकमध्ये महानगरपालिकेने त्र्यंबक रस्त्यावर यशवंतराव चव्हाण तारांगण उभारले आहे.

नाशिकचे आकाश : नाशिक सु. २०° उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे ध्रुवतारा तेथे क्षितिजापासून सु. २०° उंचीवर दिसतो. अगस्त्य दक्षिणेस सु. १७° पर्यंत चढतो आणि एप्रिल-मे महिन्यांत रात्री त्रिशंकू (दक्षिण स्वस्तिक) क्षितिजालगत पाहता येतो. हे तारे युरोपातील बहुतेक निरीक्षकांना दिसत नाहीत. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात व जुलैच्या चौथ्या आठवड्यात सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैत मात्र बहुधा ढग असतात. जून ते सप्टेंबर हे महिने वेधांना प्रतिकूल आणि नोव्हेंबर ते मार्च अनुकूल असतात. पावसाळ्यात तारांगण व हिवाळ्यात उघडे माळरान, अशी विभागणी त्यामुळे स्वाभाविक ठरते.

आकाशदर्शनाची काही पथ्ये आहेत. डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. एखाद्या विजेरीचा पांढरा झोत ती क्षणात मोडतो, म्हणून नकाशा तांबड्या मंद प्रकाशात वाचतात. तेजोमेघ व तारकागुच्छ यांसाठी अमावास्येच्या आसपासच्या रात्री निवडतात. चंद्रावरील विवरे मात्र अष्टमीच्या सुमारास, सावल्या लांब असताना, उठून दिसतात. आकाश तासाला १५° फिरत असल्याने पाव अंशाच्या दृष्टिक्षेत्रातून ग्रह सुमारे एका मिनिटात बाहेर जातो. चालक यंत्रणा नसल्यास दूरदर्शक पुनःपुन्हा रोखावा लागतो. प्रत्येकाला अर्धे मिनिट दिले, तरी शंभर जणांच्या रांगेस पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो. रांगेतील लोकांना तोवर नुसत्या डोळ्यांनी नक्षत्रे ओळखावयास शिकविणारा दुसरा जाणकार नसेल, तर बहुतेकांच्या पदरी अर्ध्या मिनिटापलीकडे काही पडत नाही.

समस्या : शहरांच्या वाढीबरोबर दिव्यांचा प्रकाश आकाशात पसरतो व मंद तारे दिसेनासे होतात. आकाशगंगेचा पट्टा आज शहरातील मुलांना प्रायः चित्रातच पाहावयास मिळतो. झाकण असलेले व प्रकाश केवळ खाली टाकणारे दिवे वापरल्यास ही हानी बरीच कमी होऊ शकते. धूर वा सांडपाणी यांच्याप्रमाणे या प्रदूषणाचा साठा मागे राहत नाही, दिवा मालवताच ते नाहीसे होते. वेधशाळेसाठी निवडलेली जागा वीस-तीस वर्षे अंधारी राहील, याची तजवीज इमारतीच्या खर्चाबरोबरच करणे म्हणूनच आवश्यक असते. पुण्याच्या वेधशाळेचा दाखला या संदर्भात बोधप्रद आहे. तेथे देशातील सर्वांत मोठा दूरदर्शक होता आणि तो चोवीस वर्षांत गेला. याच शहरात लहान साधनांनिशी सुरू झालेली सभासदांची संस्था मात्र आठ दशकांनंतरही कार्यरत आहे. नाशिक येथे वा अन्यत्र नव्या सार्वजनिक वेधशाळेचा विचार करताना घुमट व दूरदर्शक यांच्या आधी प्रशिक्षित निदर्शकांची व नियमित निरीक्षण-रात्रींची व्यवस्था करावयास हवी, असे या इतिहासावरून दिसते.