लोणकढ्या तुपाची परीक्षा

दिवाळीच्या आठवडाभर आधी नळदुर्गच्या आमच्या घरी तुपाची बुधली उघडायची, तो एक सोहळाच असे. आजी चमचाभर तूप तळहातावर घेई, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने चोळी, हात नाकाशी नेई आणि मगच अनारशांच्या पिठाला हात लावी. तूप रवाळ आहे की नाही, हाताच्या उबेने चटकन पाघळते की नाही, कढवताना टाकलेल्या विड्याच्या पानाचा वास मागे उरला आहे की नाही, एवढ्यावर तिचा निकाल लागे. त्या निकालावर अपील नव्हते.

तुपात भेसळ ही काही आजकालची गोष्ट नव्हे. कौटिल्याने आपल्या अर्थशास्त्रात धान्य, तेल-तूप, मीठ, औषधे यांत दिसायला सारखा माल मिसळणाऱ्याला बारा पणांचा दंड सांगितला आहे. पण मिसळ ओळखायची कशी, हे त्याने पारखी माणसाच्या डोळ्यांवर आणि नाकावर सोपवले, आणि पुढची दोन हजार वर्षे ते तसेच चालले.

हे नाक हरले ते वनस्पती तुपापुढे. द्रवरूप तेलात हायड्रोजन वायू मुरवला की ते थिजते, पांढरे होते, आणि थोडी युक्ती केली तर रवाळही होते. १९२० नंतर असला माल परदेशांतून येऊ लागला, १९३०च्या सुमारास तो इथेच होऊ लागला, आणि १९३७ साली ‘डालडा’ बाजारात आला. वनस्पती म्हणून विकली तर तक्रार कुणाची नव्हती. गरिबाच्या घरी दिवाळीची शंकरपाळी तिच्यावरच तळली गेली. वाईट होते ते ती तुपाच्या नावाने विकण्यात.

येथे नळदुर्गची जागा मोठी मौजेची आहे. १८५३च्या तहाने हा मुलूख इंग्रजांकडे आला, तेव्हा त्याचा कारभार कर्नल मेडोज टेलर पाहत असे; १८६० साली तो पुन्हा निजामाकडे गेला. त्यामुळे १९२५ साली मुंबई इलाख्यात भेसळीविरुद्ध कायदा झाला तेव्हा सोलापूर त्या इलाख्यात आणि जेमतेम पंधरा कोसांवरचे नळदुर्ग निजामाच्या राज्यात! बोरी नदीच्या काठच्या माणसाला तो कायदा लागू नव्हता. तूप मात्र सरहद्द ओळखत नसे. पुढे १९४८ साली निजामी संपली, १९५४ साली साऱ्या देशासाठी अन्नभेसळ-प्रतिबंधक कायदा झाला, आणि १ जून १९५५ पासून दोन्हीकडच्या तुपाला एकाच परीक्षेला बसावे लागले.

ती परीक्षा मुळात परदेशची. फ्रान्समध्ये १८६९ साली मेज-मूरियेने लोण्यासारखे दिसणारे मार्गारिन काढले आणि युरोपातले लोणी संशयात सापडले. तेव्हा राइखर्ट नावाच्या रसायनज्ञाने १८७९ साली एक तोड काढली व माइस्सलने ती सुधारली. दुधाच्या स्निग्धांशात ब्युटिरिक आम्लासारखी हलकी, वाफेबरोबर उडणारी आम्ले असतात. इतर चरबी-तेलांत ती जवळजवळ नसतात. (खोबरेल थोडा अपवाद.) पाच ग्रॅम तूप घ्यायचे, कॉस्टिक सोड्याने त्याचा साबण करायचा, मग गंधकाम्ल घालून आम्ले मोकळी करायची आणि अर्क काढतात तशी ती वाफेने ओढून घ्यायची. ११० मिलिलिटर अर्क, आणि तोही वीस मिनिटांच्या आसपासच जमला पाहिजे. मग गाळून त्यातल्या १०० मिलिलिटरांत ठराविक ताकदीचे अल्कली थेंबाथेंबाने सोडायचे, गुलाबी छटा टिकेपर्यंत. किती अल्कली लागले त्यावरून आकडा ठरतो. चांगल्या तुपाचा तो पंचवीस-तिसाच्या घरात येतो. वनस्पतीचा जवळजवळ शून्य.

या आकड्याचा एक गुण सांगण्यासारखा आहे. चंबूचा आकार बदला, आच कमी-जास्त करा, आकडा बदलतो! म्हणजे तो तुपातल्या आम्लांचे खरे मोजमाप नसून ‘अमुक भांड्यात, अमुक वेळात किती आले’ याचा हिशेब आहे. म्हणूनच काचेच्या नळीची लांबीसुद्धा नेमून दिलेली असते. पदार्थापेक्षा भांड्याला जपणारी ही परीक्षा पाहून आजीला हसू आले असते. पण तिचीही पुरणाची कढई दुसऱ्या कुणी वापरलेली तिला चालत नसे.

दुसरी परीक्षा याहून चतुर. वनस्पती ओळखता यावी म्हणून तिला रंग द्यावा, असे पुष्कळांनी सुचवले. पण तापवल्यावर टिकणारा, काढता न येणारा आणि पोटाला निरुपद्रवी असा रंग काही हाती लागेना. तेव्हा वनस्पतीत शेकडा पाच भाग तिळाचे तेल घालण्याची सक्ती झाली. तिळाच्या तेलाला हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल यांच्याबरोबर हलवले की आम्लाचा थर लाल होतो. ही बोदुआंची कसोटी. संक्रांतीच्या तिळाने दिवाळीच्या तुपाची चोरी पकडायची! हळदीसारखा एखादा रंग तुपात असला तर तोही आम्लात लाल होऊन फसवतो, म्हणून आधी नुसत्या आम्लाने पाहून घ्यावे लागते.

येथवर सारे ठीक. पण खरी गोची आपल्याच गोठ्यात निघाली. कापसाच्या मुलखात म्हशीला सरकी घालतात. सरकीतले तेल तिच्या पोटातून दुधात उतरते आणि त्या दुधाच्या तुपात उडणारी आम्ले कमी भरतात. म्हणजे राइखर्टचा आकडा घसरतो. गंमत अशी की तेच तूप अधिक घट्ट, अधिक रवाळ होते. घरात ज्याला पहिला नंबर, तेच प्रयोगशाळेत नापास! बिचाऱ्या गवळ्याने काही मिसळलेले नसते. त्याने म्हशीला चांगले खाऊ घातले, एवढाच त्याचा गुन्हा. आणि १९६४च्या दुरुस्तीनंतर भेसळीला सामान्यतः कमीत कमी सहा महिन्यांची कैद होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या काचेच्या चंबूत काय उकळत होते ते कळते. शेवटी नियमांतच ‘कापूसपट्टा’ असा वेगळा शब्द आला आणि तेथील तुपासाठी आकड्याची मर्यादा खाली आणली गेली. आता ही सवलत खरी म्हटली पाहिजे. पण तिच्या आड पन्नास किलोत चार किलो दुसरे काही मिसळणाऱ्यालाही जागा झाली, हेही खरे.

मग आली नवी यंत्रे. १९५२ साली जेम्स आणि मार्टिन या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी वायू-वर्णलेखनाची रीत काढली, आणि योगायोग असा की त्यांनी ती पहिल्याप्रथम वापरली ती याच उडणाऱ्या आम्लांवर. लांब नळीतून वाफ सोडली की एकेक आम्ल आपापल्या वेळेला बाहेर पडते, जणू जत्रेच्या रांगेतून. प्रत्येकाचे माप निराळे. तुपात न शोभणारा वनस्पतींचा सिटोस्टेरॉल नावाचा अंशही असाच पकडता येतो. म्हशीने सरकी खाल्ली, की दुकानदाराने तेल ओतले, हा फरक आता पुष्कळ अंशी सांगता येतो.

तरी जुना आकडा गेलेला नाही. आजही तुपाच्या नमुन्यामागे राइखर्ट-माइस्सलचा रकाना असतो, आणि अर्क वेळेत जमतो की नाही हे पाहत कुणी तरी घड्याळ समोर ठेवून त्या चंबूपाशी उभे असते.