बागेच्या फाटकावरील पाटी

इंग्लंड-अमेरिकेतील सार्वजनिक बागांत, विशेषतः मुलांच्या खेळण्याच्या जागेपाशी, कुत्र्याच्या चित्रावर तिरकी रेघ मारलेली पाटी पुष्कळदा दिसते. ती पाहून आपल्या मनात पहिल्यांदा येते ते कुत्र्याचे चावणे. ते कारण खरेच आहे. रेबीजशी परिचय असलेल्या आपल्याला ते वेगळे सांगायला नको. परंतु या पाटीमागे आणखी एक कारण आहे, आणि त्याचा उगम बागेत नाही. तो वॉशिंग्टनमध्ये, शस्त्रक्रियेने काढलेल्या डोळ्यांच्या संग्रहात आहे.

लहान मुलांच्या दृष्टिपटलाला रेटिनोब्लास्टोमा नावाचा कर्करोग होतो. तो मेंदूपर्यंत पोचला तर मूल दगावते. म्हणून त्या काळी संशय बळावला की शल्यचिकित्सक डोळाच काढून टाकीत. अशा काही डोळ्यांत मागाहून कर्करोगाच्या पेशी सापडतच नसत. मग झाले होते तरी काय? हेलेनॉर कॅम्बेल वाइल्डर या संशोधिकेने असे ४६ डोळे घेतले आणि प्रत्येकाचे एकापाठोपाठ एक पातळ छेद करून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. १९५० साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: २४ डोळ्यांत एका गोलकृमीची अळी, किंवा तिचे अवशेष होते.

ही अळी जेमतेम ०.४ मिलिमीटर लांबीची. डोळ्याचे दोन-चार छेद पाहून ती सापडणे म्हणजे नशिबाचाच भाग. चिकाटीने सगळे छेद पाहिले म्हणून ती दिसली. ज्या मुलांना कर्करोग नव्हता त्यांचा डोळा गेला, हे वाचताना वाईट वाटते. पण डॉक्टरांना दोष देणे अवघड आहे. बाहेरून पाहता दोन्ही विकारांत बाहुली पांढरट दिसू शकते.

ही अळी कोणाची, याबद्दल वाइल्डर यांचा अंदाज मात्र चुकला. त्यांना ती अंकुशकृमीची वाटली. १९५२ मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या पॉल बीव्हर आणि सहकाऱ्यांनी तीन आजारी मुलांचे वर्णन केले. त्यांच्या रक्तात इओसिनोफिल पेशी बेसुमार वाढल्या होत्या, आणि यकृताच्या तुकड्यात कुत्र्याच्या गोलकृमीची, म्हणजे टॉक्सोकॅराची, अळी मिळाली. पुढे १९५६ मध्ये रॉजर निकोल्स यांनी वाइल्डर यांच्याच काही काचपट्ट्या पुन्हा तपासल्या, तेव्हा तेथेही तीच अळी निघाली.

या कृमीचे जीवनचक्र वर्गात सांगण्याजोगे आहे. कुत्रीच्या स्नायूंत अळ्या वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात. ती गाभण झाली की त्या जाग्या होतात आणि वारेतून पिल्लांत शिरतात. म्हणजे पिल्लू जन्मतःच जंत घेऊन येते. सर्वांत जास्त अंडी टाकतात ती ही गोजिरवाणी पिल्लेच. वाढलेल्या कुत्र्याकडून धोका त्या मानाने कमी. शिवाय ताज्या विष्ठेतील अंडी निरुपद्रवी असतात. आत अळी तयार व्हायला ऊबदार हवेत दोन-तीन आठवडे, थंडीत त्याहून अधिक काळ लागतो. तोवर विष्ठा पावसाने विरघळून गेलेली असते, माती स्वच्छ दिसते, आणि जाड कवचाची अंडी त्या मातीत कित्येक महिने टिकतात. रांगते मूल मातीचे हात तोंडात घालते. माणूस हा या कृमीचा खरा यजमान नव्हे. त्यामुळे अळी आतड्यात स्थिरावत नाही, शरीरभर भटकते. ती डोळ्यात पोचणे हा दुर्मीळ योगायोग.

१९७३ मध्ये बोर्ग आणि वुड्रफ यांनी ब्रिटनमधील बागा व इतर सार्वजनिक जागांतील मातीचे ८०० नमुने तपासले. जवळपास चौथ्या हिश्शात टॉक्सोकॅराची अंडी सापडली. साहजिकच हा आकडा वादात शस्त्र म्हणून वापरता येण्याजोगा होता. मात्र येथे जपून वाचायला हवे. मातीच्या चौथ्या हिश्शात अंडी, याचा अर्थ चौथा हिस्सा मुले आजारी असा होत नाही. पुष्कळांच्या शरीरात अळी शिरते, आणि त्यांना ते कधी कळतही नाही.

लँकेशायरमधील बर्नली गावी काही बागांत कुत्र्यांना मज्जाव झाला. चिडलेल्या मालकांनी तो मोडला आणि १९७८ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले. निकाल नगरपरिषदेच्या बाजूने लागला. न्यूयॉर्कने दुसरा मार्ग धरला. तेथे १ ऑगस्ट १९७८ पासून कुत्र्याची घाण मालकाने उचलण्याचा कायदा अमलात आला. गंमत अशी की याच रोगाचा धोका वर्षानुवर्षे ओरडून सांगणाऱ्या फ्रॅन ली यांना तो पुरेसा वाटला नाही. 'आधी मुले, मग कुत्री' असा त्यांच्या संघटनेचा पुकारा होता. उचलले तरी अंश राहतोच, असे त्यांचे म्हणणे.

त्यांचे म्हणणे खोटे नाही. तरीही आम्हाला न्यूयॉर्कचा मार्ग कृमीच्या जीवनचक्राशी अधिक जुळणारा वाटतो. अंडी घातक व्हायला आठवडे लागतात, तर घाण उचलायला मिनिट पुरते. पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासून जंताचे औषध दिले तर अंडी मुळातच कमी होतात. कुत्रा साखळीला बांधलेला आहे की मोकळा, याने अंड्यांना काही फरक पडत नाही. ती अट चावण्यासाठी आणि भीतीसाठी. पाटीवर मात्र ही सगळी कारणे एकाच चित्रात मिसळून जातात.

खेळाची जागा ही गोष्ट निराळी. तेथे लहान मुले वाळूत बसतात, तेव्हा कुत्र्याला पूर्ण बंदी योग्यच. ब्रिटनमध्ये १९९६ च्या कायद्याने घाण न उचलणे दंडनीय ठरले, आणि २००५ च्या कायद्याने ठरावीक जागी कुत्रा आणण्यास मनाई करण्याची सोय झाली. मांजरालाही याच जातीचा दुसरा कृमी असतो, आणि ते रात्री कुंपणाखालून येऊन मऊ वाळूच शोधते. त्याला पाटी वाचता येत नसल्यामुळे वाळूच्या हौदावर संध्याकाळी झाकण घालावे लागते.