मसल कार आणि टॉर्क कन्व्हर्टरची निवड : रस्ता व ड्रॅग स्ट्रिप यांमधील तडजोडीचा इतिहास

प्रस्तावना

अमेरिकन मोटार उद्योगाच्या इतिहासात ढोबळमानाने १९६४ ते १९७२ हा कालखंड 'मसल कार'चा कालखंड म्हणून ओळखला जातो. मध्यम आकाराच्या आणि तुलनेने स्वस्त अशा गाडीत मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवावयाचे, हे या गाडीमागील सूत्र होते. १९६४ मध्ये पाँटिअ‍ॅकने 'टेंपेस्ट' या गाडीवर 'जीटीओ' नावाचा पर्याय देऊन ३८९ घन इंचांचे इंजिन उपलब्ध करून दिले. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन असू नये, हा जनरल मोटर्सचाच अंतर्गत दंडक होता. जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल नसून केवळ एक पर्याय आहे, अशी पळवाट काढून तो चुकविण्यात आला.

या गाड्यांविषयी पुढे जे विपुल लेखन झाले ते प्रामुख्याने इंजिनाभोवती फिरते. घन इंच, कार्ब्युरेटरांची संख्या आणि अश्वशक्ती यांचे आकडे हीच त्या लेखनाची भाषा होय. परंतु आठवडाभर कामावर जाण्यासाठी वापरलेली गाडी रविवारी पाव मैलाच्या सरळ शर्यतीसाठी ड्रॅग स्ट्रिपवर नेणाऱ्या मालकासमोर खरा पेच निराळाच होता. गाडी एकच, कामे मात्र परस्परविरोधी. स्वयंचलित गिअरबॉक्स असलेल्या गाडीत हा पेच इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये दडलेल्या एका तेलभरल्या पोलादी डब्यात, म्हणजेच टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, एकवटलेला होता. प्रस्तुत लेखात या उपकरणाच्या निवडीचा इतिहास तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

जहाजातून मोटारीत

टॉर्क कन्व्हर्टरचा जन्म मोटारीसाठी झालेला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांत वाफेची टर्बाइन वापरली जाऊ लागली. टर्बाइन अतिवेगाने फिरते, तर जहाजाचा पंखा संथ फिरला तरच कार्यक्षम ठरतो. या दोहोंची सांगड घालण्यासाठी श्टेटिन येथील व्हल्कन गोदीत कार्यरत असलेले जर्मन अभियंता हेर्मान फॉटिंगर यांनी १९०५ मध्ये द्रवाच्या माध्यमातून शक्ती संक्रमित करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. इंजिनाला जोडलेला इम्पेलर तेल बाहेरच्या बाजूस फेकतो, ते तेल समोरच्या टर्बाइनच्या पात्यांवर आदळून तिला फिरविते आणि परतणाऱ्या तेलाची दिशा मधला स्टेटर पुन्हा इम्पेलरला अनुकूल अशी वळवितो. स्टेटरच्या या कामामुळेच इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरविण्याचे बल, वाढून पुढे जातो. स्टेटर नसेल तर उरते ती केवळ द्रव-जोडणी. ती बल पोहोचविते, वाढवीत नाही.

मोटारीत प्रथम रुजली ती ही साधी द्रव-जोडणीच. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबीलसाठी आणलेल्या 'हायड्रामॅटिक'मध्ये चार गती आणि द्रव-जोडणी होती. १९४८ च्या ब्यूइकवरील 'डायनाफ्लो'मध्ये टॉर्क कन्व्हर्टर आला आणि १९५० मध्ये 'पॉवरग्लाइड'च्या रूपाने तो स्वस्त शेव्हर्लेपर्यंत पोहोचला. या सर्व योजनांमागील हेतू सुखसोयीचा होता. क्लचचा त्रास नको, धक्का नको, गाडी लोण्यासारखी पुढे सरकावी, एवढीच अपेक्षा होती. वेगाच्या शौकिनांनी मात्र या गिअरबॉक्सला 'स्लशबॉक्स', म्हणजे वितळत्या बर्फाच्या चिखलाची पेटी, असे हिणवले. इंजिनाचे फेरे वाढतात, आवाज वाढतो, गाडी मात्र आळसावल्यासारखी उठते, ही त्यांची तक्रार होती आणि ती निराधार नव्हती.

घसरणीचे दोन अर्थ

ज्या घसरणीमुळे स्वयंचलित गिअरबॉक्सची कुचेष्टा झाली तीच घसरण दहा-पंधरा वर्षांत शर्यतपटू विकत घेऊ लागले. हा बदल समजण्यासाठी 'स्टॉल' ही संकल्पना लक्षात घ्यावी लागते. टर्बाइन पूर्णपणे रोखून धरली आणि इंजिन पूर्ण जोराने चालविले, तर इंजिन ज्या फेऱ्यांवर जाऊन अडते ती त्या कन्व्हर्टरची स्टॉल गती. या अवस्थेत टॉर्क साधारणतः दुप्पट होतो; मात्र गाडी हलत नसल्यामुळे इंजिनाची सर्व शक्ती तेल तापविण्यात खर्ची पडते. टर्बाइनचा वेग इम्पेलरच्या सुमारे नऊ-दशांशापर्यंत आला की स्टेटर मोकळा फिरू लागतो, टॉर्कची वाढ संपते आणि कन्व्हर्टर साध्या जोडणीसारखा वागू लागतो.

मसल कारच्या इंजिनाचे बल वरच्या फेऱ्यांवर असे. शेव्हर्लेच्या १९७० मधील ४५४ घन इंचांच्या 'एलएस६' इंजिनाचा घोषित कमाल टॉर्क ५०० पौंड-फूट होता व तो मिनिटाला ३,६०० फेऱ्यांवर मिळत असे. क्रायस्लरच्या ४२६ घन इंचांच्या 'स्ट्रीट हेमी'चा ४९० पौंड-फूट, ४,००० फेऱ्यांवर. घट्ट, म्हणजे कमी स्टॉलचा, कन्व्हर्टर अशा इंजिनाला सुरुवातीच्या क्षणी १,८०० फेऱ्यांवर जखडून ठेवतो. सैल कन्व्हर्टर त्याला क्षणार्धात तीन हजारांच्या आसपास नेतो आणि तेथील बल दुपटीने चाकाकडे धाडतो.

या जाणिवेला प्रतिष्ठा मिळवून देण्यात क्रायस्लरचा वाटा मोठा होता. १९५६ मध्ये आलेला तीन गतींचा 'टॉर्कफ्लाइट' हा भक्कम गिअरबॉक्स कंपनीपाशी होता. चार गतींचा स्वतःचा मॅन्युअल गिअरबॉक्स मात्र १९६४ पर्यंत नव्हता. १९६२ मध्ये ४१३ घन इंचांचे 'मॅक्स वेज' इंजिन डॉज व प्लिमथ गाड्यांवर आले तेव्हा बटणे दाबून गिअर बदलणाऱ्या टॉर्कफ्लाइटनिशी या गाड्या ड्रॅग स्ट्रिपवर उतरल्या. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी हौसेने स्थापन केलेला 'रॅमचार्जर्स' हा गट त्यात अग्रभागी होता. कुटुंबवत्सल गाडीतील गिअरबॉक्स शर्यत जिंकू शकतो, हे येथे सिद्ध झाले. उणिवेपोटी केलेली निवड अशा रीतीने बलस्थान ठरली.

आकड्याचा भ्रम

कन्व्हर्टर निवडताना मालकासमोर सामान्यतः एकच आकडा ठेवला जाई : दोन हजार, अडीच हजार, तीन हजार. हा आकडा कन्व्हर्टरच्या अंगचा गुण आहे, असा समज सर्वत्र होता आणि आजही तो पूर्णतः मावळलेला नाही. वस्तुतः स्टॉल गती ही कन्व्हर्टर आणि इंजिन या जोडीची असते. कन्व्हर्टर जेवढा टॉर्क शोषून घेतो तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे स्टॉल गती टॉर्कच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. ३०० पौंड-फूट देणाऱ्या इंजिनामागे २,००० फेऱ्यांवर अडणारा कन्व्हर्टर ५०० पौंड-फूट देणाऱ्या इंजिनामागे २,५८० च्या आसपास अडेल. येथे त्या-त्या फेऱ्यांवरील टॉर्क गृहीत आहे, जाहिरातीतला कमाल टॉर्क नव्हे. शेजाऱ्याच्या गाडीत उत्तम चाललेला कन्व्हर्टर आपल्या गाडीत निरुपयोगी का ठरला, याचे उत्तर बहुतेक वेळा या एका वर्गमुळात सापडते.

व्यासाचा परिणाम याहूनही तीव्र असतो. शोषला जाणारा टॉर्क व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात असतो. पात्यांची रचना तीच ठेवून १२ इंचांचा कन्व्हर्टर १० इंचांवर आणला, तर त्याच फेऱ्यांवरील त्याची क्षमता ४० टक्क्यांवर येते आणि, इंजिनाचा टॉर्क तेवढाच धरल्यास, स्टॉल गती दीडपटीहून अधिक होते. या नियमाचे सर्वांत बोलके उदाहरण शेव्हर्लेच्या 'व्हेगा' या छोट्या गाडीने पुरविले. १९७१ चे मॉडेल म्हणून आलेल्या या चार सिलिंडरच्या गाडीतील लहान कन्व्हर्टर तिच्या १४० घन इंचांच्या इंजिनामागे अगदी सौम्य वागत असे. तोच आठ सिलिंडरच्या इंजिनामागे बसविला की त्याची स्टॉल गती आपोआप चढे. शर्यतपटूंना स्वस्तात उच्च-स्टॉल कन्व्हर्टर मिळाला. अर्थात त्याची पाती एवढा भार सोसण्यासाठी घडविलेली नव्हती. डबा कापून उघडणे, पाती पितळी झाळणीने पक्की करणे आणि तो पुन्हा वेल्ड करून तोलणे, हा लहान कार्यशाळांचा एक व्यवसायच त्यातून उभा राहिला.

मोजमापाची अडचणही लक्षणीय होती. ब्रेक दाबून धरून इंजिन चढवावे आणि काटा कोठे थांबतो ते पाहावे, ही घरगुती पद्धत. शक्तिशाली गाडीत मात्र त्याआधीच मागची चाके ब्रेकला न जुमानता फिरू लागतात आणि हाती येणारा आकडा फसवा ठरतो. म्हणून उभ्या स्थितीतून एकदम पूर्ण जोर दिल्यावर इंजिन ज्या फेऱ्यांवर उसळते तो आकडा, म्हणजे 'फ्लॅश स्टॉल', अधिक विश्वसनीय मानला गेला. गाडी जड असेल तर तो वाढतो, हलकी असेल तर घटतो.

सोमवार आणि रविवार

निवडीची खरी कसोटी दोन गणितांत होती. पहिले गणित स्ट्रिपवरचे. टर्बो हायड्रामॅटिक ४०० या गिअरबॉक्सची गुणोत्तरे २.४८, १.४८ आणि १ अशी आहेत. ६,००० फेऱ्यांवर पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये गेल्यास इंजिन सुमारे ३,५८० फेऱ्यांवर उतरते. कन्व्हर्टरची स्टॉल गती याहून फार वर असेल तर प्रत्येक गिअर बदलानंतर इंजिन पुन्हा घसरत राहते आणि सुरुवातीला कमावलेले पुढे गमावले जाते.

दुसरे गणित रस्त्यावरचे. मागील आसाचे गुणोत्तर ३.०८ आणि टायरचा व्यास २८ इंच असता ताशी ६० मैलांवर इंजिन सुमारे २,२२० फेरे घेते, ४.१० गुणोत्तर असता २,९५०. पहिल्या गाडीत तीन हजारांचा कन्व्हर्टर बसविणे म्हणजे महामार्गावर दिवसभर स्टॉलच्या खाली राहणे, म्हणजेच सतत तेल तापविणे. येथे एक दुरुस्ती आवश्यक आहे. सपाट रस्त्यावर हलक्या पायाने चालविताना टॉर्क अल्प लागतो व घसरणही त्या मानाने मर्यादित राहते. परंतु चढण आली, मागे ट्रेलर जोडला किंवा चालकाने घाई केली की तापमान झपाट्याने चढते. तेल करपते, रबरी सील कडक होतात आणि क्लचच्या चकत्या जळतात. शर्यतीच्या हव्यासापायी बसविलेल्या कन्व्हर्टरने सोमवारीच गिअरबॉक्स निकामी करावा, असे घडू शकत होते. स्वतंत्र तेल-शीतक बसविणे हा त्यावरील उपाय. तो खर्चात मात्र क्वचितच धरला जाई.

याउलट अतिघट्ट कन्व्हर्टरही रस्त्यावर छळत असे. शर्यतीचा कॅमशाफ्ट बसविलेल्या इंजिनाचे खालच्या फेऱ्यांवरील बल घटते. सिग्नलपाशी गिअरमध्ये उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन घट्ट कन्व्हर्टर ओढून बंद पाडतो. इंजिन एकाचे ऐकून, आसाचे गुणोत्तर दुसऱ्याचे ऐकून आणि कन्व्हर्टर तिसऱ्याच्या सांगण्यावरून घेतला, तर 'एक ना धड भाराभर चिंध्या' अशी त्या गाडीची गत होई. वजन, कॅमशाफ्ट, आस, टायर हे सारे आधी ठरवून कन्व्हर्टर शेवटी निवडणे हाच शहाणपणाचा क्रम होता. बहुतेक मालक नेमके उलट करीत, कारण कन्व्हर्टरचा आकडा मिरविता येत असे.

हाताशी असलेले उत्तर

या इतिहासातील सर्वांत विलक्षण बाब अशी की, दोन्ही कामे साधणारा कन्व्हर्टर कारखान्यातून बाहेर पडलेला होता. ब्यूइकने १९५५ च्या डायनाफ्लोमध्ये स्टेटरची पाती दोन कोनांत वळविण्याची सोय केली होती. हीच कल्पना जनरल मोटर्सने १९६५ ते १९६७ या काळात ब्यूइक, कॅडिलॅक व ओल्ड्समोबील गाड्यांवरील टर्बो हायड्रामॅटिक ४०० गिअरबॉक्समध्ये वापरली. अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की विद्युतचुंबकीय झडप पात्यांचा कोन बदलून स्टॉल गती वाढवी. पाय सैल केला की कन्व्हर्टर पुन्हा घट्ट होई. एकाच डब्यात सोमवार आणि रविवार दोन्ही नांदत होते.

तरीही १९६७ मध्ये जीटीओला हा तीन गतींचा गिअरबॉक्स मिळाला तो स्थिर स्टेटरचा. १९६७ नंतर ही सोय उर्वरित गाड्यांतूनही वगळण्यात आली. ज्या वर्षी प्लिमथ 'रोड रनर' बाजारात आली आणि मसल कारची स्पर्धा ऐन भरात येऊ लागली त्याच १९६८ मध्ये हे उत्तर कारखान्याच्या यादीत उरले नाही. आरामासाठी योजलेल्या या सोयीचे मोल शर्यतीच्या संदर्भात जोखलेच गेले नाही, असे अनुमान येथे काढावेसे वाटते.

पुढील वाटचाल निराळ्या कारणांनी झाली. १९७३ चे तेलसंकट आणि १९७५ चा अमेरिकन ऊर्जा कायदा यांमुळे घसरण हा इंधनाचा अपव्यय ठरला. क्रायस्लरने १९७८ च्या गाड्यांत टॉर्कफ्लाइटला लॉक-अप क्लच जोडला. महामार्गावर तो इम्पेलर व टर्बाइन एकत्र जखडून घसरण शून्यावर आणतो. १९८२ मध्ये जनरल मोटर्सने आणलेल्या चार गतींच्या '७००-आर४'मध्ये लॉक-अपच्या जोडीला ०.७० गुणोत्तराचा चौथा गिअर होता. हे गिअरबॉक्स पुढे जुन्या मसल कारमध्ये बसविले जाऊ लागले आणि तीन हजारांचा कन्व्हर्टर महामार्गावर नेणे अनेकांना शक्य झाले. काही जाणकार मात्र १९६५ ते १९६७ मधील ब्यूइक आणि कॅडिलॅकच्या सांगाड्यांतून ते दोन कोनांचे कन्व्हर्टर आजही शोधून काढतात आणि त्यांची झडप गिअरच्या दांड्यावरील एका साध्या बटणाला जोडतात.