नकलेची उमेदवारी

नक्कल हा शब्द आपल्याकडे हलका मानला जातो. दुसऱ्याच्या चित्रावरून चित्र काढणाऱ्याला लोक लगेच विचारतात, "यात तुझे स्वतःचे काय?" आम्ही कामगार चळवळीत वाढलेली माणसे, आम्हांस हा प्रश्नच उलटा वाटतो. कारखान्यात नवा पोरगा जुन्या कारागिराशेजारी उभा राहतो, त्याचा हात पाहतो, तसाच आपला हात चालवतो. मगच यंत्र त्याच्या स्वाधीन होते. याला आपण उमेदवारी म्हणतो. आपल्या मुलखात तैलचित्राची विद्या रुजली, त्यातही अशा उमेदवारीचा मोठा वाटा आहे.

चांदवडची सातमाळा रांग पूर्वेकडे सरकत अजिंठ्याच्या डोंगरांना मिळते. तेथील लेण्यांत 1844 पासून रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या त्या प्रतिकृती 1866 च्या आगीत बहुतेक जळाल्या. पुढे 1872 मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी तेच काम नव्याने हाती घेतले. या खेपेस त्यांच्यासोबत शाळेचे हिंदी विद्यार्थी होते. पेस्तनजी बोमनजी आणि जगन्नाथ अनंत ही त्यांतील दोन नावे. हे काम 1885 पर्यंत चालले आणि तीनशेच्या आसपास चित्रे तयार झाली.

हे काम नुसते गिरवण्याचे नव्हते. सोळाव्या लेण्यातील 'मरणोन्मुख राजकन्या' पाहा. महालाच्या आत राजकन्या मान टाकून टेकली आहे, दासींनी तिला सावरले आहे, भोवतालच्या स्त्रिया चिंतेत आहेत. कोण कोणाकडे झुकले आहे, कोणाचा हात कोठे आहे, यावर त्या खोलीतले सारे दुःख उभे आहे. ही माणसे पुन्हा मांडताना विद्यार्थ्याला प्रत्येक झुकावाचे कारण शोधावे लागते. शिवाय मूळ चित्र गिलाव्यावरचे, आणि उतरवायचे ते तेलरंगात, कॅनव्हासवर. अळशीचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, ते हवेतील प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होते. म्हणून खालचा थर पातळ आणि वरचा अधिक तेलाचा ठेवावा लागतो. हा क्रम चुकला तर रंग तडकतो. हा धीर पुस्तकातून येत नाही, हातालाच लावून घ्यावा लागतो.

1885 मध्ये लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन येथील आगीत या प्रतिकृतींपैकीही बऱ्याच गेल्या. दोन पिढ्यांची मेहनत दोन आगींनी खाल्ली. परंतु शिकलेला हात जळाला नव्हता. पेस्तनजींनी पुढे पारशी घरांच्या आतले जीवन तेलरंगात रंगवले. पोपटाला खाऊ घालणाऱ्या स्त्रीचे त्यांचे चित्र 1882 चे आहे. राजमहालातील माणसांपुढे बसून ज्याने डोळा तयार केला, तो आपल्या शेजारच्या खोलीकडे वळला. नकलेतून स्वतःचे काय निघते, याचे उत्तर येथे आहे.

एक हिशेब मात्र अजून बाकी आहे. 1896-97 मध्ये अजिंठ्यावरचे दोन खंडांचे भव्य पुस्तक निघाले, ते ग्रिफिथ्स यांच्या नावाने. त्यांचे श्रम आम्ही नाकारीत नाही. पण कामगाराचे नाव हजेरीपटावर राहते, मालावर येत नाही, हा आमचा जुना अनुभव. येथेही तसेच झाले. आज लेण्यांतील कित्येक भाग पुसट झाले आहेत. तेथे काय होते, हे उरलेल्या प्रतिकृतींवरून कळते. ज्यांच्या हातांनी ही साक्ष ठेवली, त्यांतल्या पेस्तनजींखेरीज किती जणांना आपण ओळखतो?

आपल्या रंगमहालाच्या भिंतींवरही चित्रे आहेत. ती रंगवणाऱ्यांची नावे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? गावच्या शाळांनी मुलांना कागद-पेन्सिल देऊन त्या भिंतींपुढे बसवावे. मुले जे उतरवतील, त्याखाली त्यांची नावे लिहावीत आणि तारीखही घालावी. आगीला आणि ओलीला आपण नेहमीच अडवू शकू असे नाही. पण हात शिकवणे व नाव नोंदवणे ही दोन्ही कामे आपल्या हातची आहेत.