कवच-छतांची गणना आणि कसोटीचा आकडा

संगणकामुळे वक्र कवचांचे गणित सुलभ झाले, असे सामान्यतः मानले जाते. हे मत अर्धेच खरे आहे. कवचाचा आकार संगणकात उतरविणे ही एक गोष्ट, आणि त्याचे वर्तन उतरविणे ही दुसरी. या दोहोंतील अंतर अभ्यासकांच्या ध्यानात कसे आले, ते एका छताच्या आधारे पाहावयाचे आहे.

१९६४ साली बर्कली येथील स्कॉर्डेलिस व लो यांनी दंडगोलाकार कवचांच्या संगणकीय विश्लेषणावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे छत पुढे सर्वमान्य कसोटी ठरले. त्याची लांबी ५० फूट, त्रिज्या २५ फूट, जाडी अवघी ३ इंच. वक्र टोके ताठ पडद्यांवर टेकलेली, लांब कडा मोकळ्या. स्वतःच्या भाराने मोकळ्या कडेचा मध्य किती खाली येतो, एवढाच प्रश्न. परंतु येथे पृष्ठातील ताणदाब व नमन ही दोन्ही एकमेकांत गुंतलेली असतात. एकाची उपेक्षा केल्यास उत्तर चुकते.

‘सांत घटक’ ही संज्ञा क्लफ यांनी १९६० साली रूढ केली. या पद्धतीत वक्र पृष्ठाच्या जागी लहान सपाट तुकडे योजणे हा सहज सुचणारा मार्ग होता. १९६८ साली क्लफ व जॉन्सन यांनी तो पातळ कवचांसाठी मांडला. सपाट तुकड्याच्या पोटात ताणदाब व नमन यांचा संबंध नसतो. तो केवळ तुकड्यांमधील कोनांतून निर्माण होतो. म्हणून जाळी विरळ असता उत्तरावर विसंबता येत नाही.

१९७० साली अहमद, आयर्न्स व झिएन्किएविच यांनी घटकालाच वक्रता दिली. आकाराचा प्रश्न सुटला. पण कवच पातळ होताच घटक अवाजवी ताठ होऊ लागला. पातळ कवचात जाडीच्या दिशेचे कर्तन जवळजवळ शून्य असावयास हवे; ही अट पाळताना घटक वाकण्याचेच स्वातंत्र्य गमावीत होता. १९७१ साली झिएन्किएविच, टेलर व टू यांनी संख्यात्मक संकलनाचे बिंदू कमी करून हा ताठरपणा घालविला. मात्र बिंदू फार कमी केल्यास घटकाला विनाविरोध हालण्याची खोटी मोकळीक मिळते, हेही लवकरच कळून आले.

पुढे खुद्द कसोटीच तपासली गेली. १९८५ साली मॅकनील व हार्डर यांनी नमूद केले की सैद्धान्तिक मूल्य ०.३०८६ फूट असले, तरी बहुतेक घटकांची उत्तरे किंचित कमी मूल्याकडे झुकतात. तुलनेसाठी त्यांनी ०.३०२४ फूट हेच मूल्य घेतले. फरक सुमारे दोन टक्क्यांचा. पण ज्या मापाने इतरांना मोजावयाचे, तेही गृहीतांवरच उभे असते, हे त्यातून स्पष्ट झाले.

आजच्या संगणक-प्रणाली पडद्यावर गुळगुळीत पृष्ठ दाखवितात. त्याखाली सपाट तुकडे आहेत की वक्र घटक, संकलन पूर्ण आहे की कमी केलेले, हे चित्रावरून कळत नाही. म्हणून जाळी दुप्पट बारीक करून व जाडी कमी करून उत्तर कसे बदलते, हे अभ्यासकाने स्वतः पाहिले पाहिजे. ज्या छताखाली माणसे बसावयाची, त्याच्या बाबतीत एवढे श्रम अधिक नव्हेत.