नऊ मीटरचे अंतर

दिल्लीलगतच्या नोएडात, सेक्टर ९३-अ मध्ये, २८ ऑगस्ट २०२२ रोजी दुपारी अडीच वाजता दोन मनोरे सुमारे ३,७०० किलो स्फोटके लावून पाडण्यात आले. पाडकाम साऱ्या देशाने पाहिले. ते मनोरे उभे कसे राहिले, हे मात्र कागदपत्रांतूनच उलगडते. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ ऑगस्ट २०२१ च्या निकालपत्रात ती कागदपत्रे तारीखवार नोंदलेली आहेत.

नोव्हेंबर २००४ मध्ये नोएडा प्राधिकरणाने सुपरटेक कंपनीला ४८,२६३ चौरस मीटरचा भूखंड दिला. २० जून २००५ चा पहिला मंजूर नकाशा सरळ आहे: चौदा इमारती, तळमजला अधिक ९ मजले, उंची ३७ मीटर. जून २००६ मध्ये आणखी ६,५५६ चौरस मीटर जमीन मिळाली आणि २९ डिसेंबर २००६ च्या सुधारित नकाशात मजले ११ झाले. या नकाशात पहिल्या इमारतीला लागून बाग आहे. २६ नोव्हेंबर २००९ च्या दुसऱ्या सुधारणेत बाग जाते आणि १६ व १७ क्रमांकाचे २४ मजली मनोरे येतात, उंची ७३ मीटर. २ मार्च २०१२ ला तेच ४० मजल्यांचे, १२१ मीटरचे होतात. त्यांत ९१५ सदनिका आणि २१ दुकाने. या प्रत्येक पायरीला प्राधिकरणाची मंजुरी आहे.

आता नियम पाहू. २०१० च्या नोएडा बांधकाम नियमांनुसार १८ मीटर उंचीपर्यंत दोन इमारतींत ६ मीटर अंतर हवे. पुढे दर ३ मीटर उंचीमागे १ मीटर वाढ, कमाल १६ मीटर. म्हणजे ४८ मीटरच्या वर गेलेल्या कोणत्याही इमारतीला पूर्ण १६ मीटर सोडणे भाग होते. पहिली इमारत आणि सतरावा मनोरा यांच्यात अंतर होते ९ मीटर.

यावर कंपनीचा एक युक्तिवाद असा, की या इमारती मिळून एकच गट आहे. त्यासाठी त्या जोडणाऱ्या सांगाड्याचा आधार घेतला गेला. दुसरा असा, की समोरासमोरच्या भिंती बंद आहेत, म्हणून ९ मीटर चालतात. इमारत एकच असेल तर समोरासमोरच्या भिंतींचा प्रश्न उरतोच कुठे? न्यायालयाने दोन्ही युक्तिवाद फेटाळले.

सर्वांत बोलका आहे तो माहिती अधिकारातला पत्रव्यवहार. याच संकुलातल्या आधीच्या इमारतींच्या रहिवाशांनी मंजूर नकाशांच्या प्रती मागितल्या. आपल्याच दप्तरातले नकाशे दाखवू का, असे प्राधिकरणाने बिल्डरला विचारले! बिल्डरने नकार दिला आणि रहिवासी रिकाम्या हाताने परतले. अंतराचा नियम मोडल्याचे मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याने कळवले, तेव्हाही प्राधिकरणाने चौकशी केली नाही. छाननी करणाऱ्यांचे डोळे चुकून मिटलेले नव्हते, हे या दोन नोंदींवरून स्पष्ट होते. न्यायालयानेही याला संगनमतच म्हटले.

रहिवासी २०१२ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. ११ एप्रिल २०१४ रोजी पाडण्याचा आदेश झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला: पाडण्याचा खर्च कंपनीचा, ग्राहकांना १२ टक्के व्याजासह परतफेड, रहिवासी संघाला २ कोटी रुपये. त्यानंतर राज्य सरकारच्या विशेष तपास पथकाने प्राधिकरणाच्या २६ अधिकाऱ्यांवर ठपका ठेवला. पहिल्या नकाशापासून पाडकामापर्यंत सतरा वर्षे गेली.

महाराष्ट्रातल्या घर घेणाऱ्यांना आज एक सोय आहे. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचे मंजूर नकाशे पाहता येतात, आणि २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४ नुसार मूळ आराखड्यात मोठा बदल करायचा तर दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती लागते. तेव्हा पैसे भरण्याआधी पहिला नकाशा आणि शेवटचा सुधारित नकाशा शेजारी ठेवून पाहा. बाग कुठे गेली, अंतर किती उरले, हे लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.