माणिक, लेसर आणि सिरॅमिकचे पातळ थर

सिरॅमिक म्हटले की आपल्यासमोर चिनीमातीच्या बरण्या आणि कपबशा उभ्या राहतात. पदार्थविज्ञानात मात्र या शब्दाचा आवाका बराच मोठा आहे. भट्टीत भाजून घट्ट केलेली ऑक्साइडे, नायट्राइडे, कार्बाइडे हे सारे त्यात मोडतात. लेसरचे या कुळाशी नाते जन्मापासूनचे आहे. १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर किरण मिळविला तो कृत्रिम माणकाच्या कांडीतून. माणिक, म्हणजे उर्दू शायरांचा याकूत, हे रसायनदृष्ट्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच. त्याची लाली क्रोमियमच्या किंचित अंशामुळे येते.

पाचच वर्षांनी, १९६५ मध्ये, स्मिथ आणि टर्नर या दोघांनी निर्वात पात्रातील निरनिराळ्या पदार्थांवर माणिक-लेसरचा झोत टाकला आणि उडालेल्या वाफेचे पातळ थर समोरच्या पृष्ठावर बसविले. पद्धत सिद्ध झाली, पण पुढे जवळजवळ बावीस वर्षे ती मोजक्या प्रयोगशाळांपुरतीच राहिली. याचे कारण सामान्यतः साधनांच्या उणिवेत शोधले जाते. ते खोटे नाही. माणिक-लेसरचा लाल प्रकाश बऱ्याच ऑक्साइडांत खोलवर शिरतो. वरचा पापुद्राच नेमका उडावा, यासाठी अतिनील प्रकाश देणारे एक्सायमर लेसर लागतात, आणि ते १९७० च्या दशकात आले. तरीही माझ्या मते अधिक वजनाचे कारण वेगळे आहे : ही पद्धत ज्याच्यावाचून अडेल असा पदार्थच तोवर कोणाच्या हाती नव्हता.

तो १९८७ च्या आरंभी मिळाला. आदल्या वर्षी झुरिकजवळ बेडनॉर्ट्झ व म्युलर यांनी सिरॅमिक ऑक्साइडातील अतिवाहकता दाखविली होती. आता यिट्रियम, बेरियम आणि तांबे यांचे ऑक्साइड सुमारे ९३ केल्व्हिनला, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्व्हिन या उत्कलनबिंदूच्याही वर, अतिवाहक होते असे आढळले. उपकरणांसाठी त्याचा पातळ थर हवा होता. अडचण अशी की तिन्ही धातूंची वाफ होण्याची तापमाने निरनिराळी. साध्या उष्णतेने एक आधी उडे, दुसरा मागे राही आणि प्रमाण बिघडे. लेसरचा स्पंद काही दशक नॅनोसेकंदांचा असतो. तेवढ्यात घटकांना वेगळे होण्यास सवडच मिळत नाही. सारे एकाच झळाळत्या लोटात निघतात आणि मूळ प्रमाणातच समोर बसतात. त्याच वर्षी न्यू जर्सीतील बेलकोर आणि रटगर्स विद्यापीठ यांच्या गटाने हे करून दाखविले. त्यातील टी. वेंकटेशन हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ.

यापूर्वी, १९८० च्या सुमारास, एमआयटीत हॅगर्टी व कॅनन यांनी सिलेन आणि अमोनिया वायूंवर कार्बन डायऑक्साइड लेसर सोडून सिलिकॉन नायट्राइडची अतिसूक्ष्म भुकटी तयार केली होती. संश्लेषणाची ती स्वतंत्र शाखा होय.

थरांच्या पद्धतीत उणिवा राहिल्याच. लोटाबरोबर वितळलेले थेंब उडतात आणि थरावर खडे बसतात. एकसारखा थर लहानशा क्षेत्रावरच मिळतो. म्हणून ती कारखान्यापेक्षा प्रयोगशाळेत अधिक रुजली. पुणे विद्यापीठात सतीश ओगले यांनी लेसरने पदार्थप्रक्रियेचे काम केले. पुढे अमेरिकेत ते वेंकटेशन यांच्यासमवेत होते. ऑक्साइडांच्या पातळ थरांवरील त्यांनी संपादिलेला इंग्रजी ग्रंथ २००५ साली प्रसिद्ध झाला.